सनद, नोंदवही आणि दाखला

श्रोतेहो, वरोऱ्याच्या स्टेशनात चंद्रपूरकडे जाणारी गाडी उभी राहिली की पुष्कळदा एक टाळी कानी पडते. ती भजनातली नव्हे की सभेतली नव्हे. ती ऐकताच डब्यात पेंगत बसलेला मनुष्यही जागा होतो आणि कोण आले आहे, ते मान वर न करताच ओळखतो. गेल्या वर्षी अशाच एका गाडीत माझ्यासमोर एक म्हातारी बाई बसली होती. लुगडे नेसलेली ती उंच व्यक्ती जवळ येताच म्हातारीने कनवटीचे नाणे काढले, ते तिच्या हातावर ठेवले आणि मांडीवरच्या नातवाचे डोके पुढे केले. डोक्यावर हात ठेवला गेला, दोन शब्द पुटपुटले गेले, आणि टाळी पुढच्या बाकाकडे गेली. शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांना हे रुचले नाही. "ह्यांना देता कशाला, आजी? अशानेच ह्यांची सवय वाढते," असे ते म्हणाले. त्यावर म्हातारी शांतपणे उत्तरली, "त्यायचा हक हाये, बापू."

गृहस्थ हसले. मीही मनात हसलो असेन. परंतु मागाहून त्या उत्तराचा विचार करू लागलो, तेव्हा त्यातील एक शब्द मला सोडीना. दान म्हटले की देणाऱ्याची मर्जी आली. हक म्हटला की घेणाऱ्याचे नाव कोठे तरी लिहिलेले असावयास हवे. म्हातारीला इतिहास ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तथापि तिच्या तोंडी आलेला शब्द जुन्या मराठी दप्तरातलाच होता. आज मी आपणांस सांगणार आहे तो ह्या हकाचाच वृत्तांत.

प्रथम नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जुन्या कागदांत 'हिजडे' हा शब्द येतो, आणि तेथे तो शिवी म्हणून येत नाही. जोशी, गुरव, गोंधळी ह्यांच्याप्रमाणे एका वर्गाची संज्ञा म्हणून येतो. त्याची शिवी केली ती आपण, बहुधा शहरातील मंडळींनीच. म्हणून आज तृतीयपंथी हा शब्द योजणे सभ्यपणाचे ठरते, व मीही तोच योजणार आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जन्मतः मिळालेली पुरुष वा स्त्री ही ओळख ज्यांना आपली वाटत नाही, अशी सर्वच माणसे गुरू-चेल्यांच्या पंथात जातात असे नाही. स्त्री म्हणून जन्मून पुरुष म्हणून जगणारीही माणसे आहेत, आणि इतिहासाच्या कागदांत त्यांचा मागमूस क्वचितच लागतो. दप्तराला जे दिसले तेवढेच दप्तरात आले.

पुराणकाळापासून आरंभ करण्याचा मोह अशा विषयात फार होतो. विराटाच्या अंतःपुरात उत्तरेला नृत्य शिकविणारी बृहन्नडा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. पण तो कथेतला मान झाला. धर्मशास्त्र बोलते ते वाटणीच्या भाषेत. याज्ञवल्क्यस्मृतीने व तिच्यावरील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने क्लीबाला वडिलार्जित मिळकतीत वाटा नाकारला आणि त्याचे पोषण मात्र कुटुंबाने करावे असे सांगितले. क्लीब म्हणजे सरसकट तृतीयपंथी असे समजण्याचे कारण नाही; त्या शब्दाच्या पोटात नाना प्रकार येतात. तरीही पुत्र न देऊ शकणाऱ्या पुरुषास अन्न द्यावे, जमीन देऊ नये, हा विचार त्यातून स्पष्ट होतो. ती आडकाठी बहुतांशी दूर झाली ती १९२८ च्या कायद्याने. म्हणजे मिताक्षरा लिहिली गेल्यावर सुमारे आठशे वर्षांनी. मुसलमानी अमलातील खोजे सरदार ही आणखी निराळी गोष्ट. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर त्यांतलाच. परंतु राजवाड्यातील खोजा आणि गावोगाव हिंडणारा तृतीयपंथी ह्यांचे जीवन एक नव्हे.

आपल्या विषयाचा गाभा आहे तो पुणे प्रांतात, मराठेशाहीच्या दप्तरात. आपल्याकडे त्या काळी वतन ही काय वस्तू होती, हे पुन्हा सांगावयास नको. पाटलाला पाटीलकी, कुळकर्ण्याला कुळकर्ण, सुताराला नि कुंभाराला बलुते; गावच्या पिकातून प्रत्येकाचा काही ना काही वाटा ठरलेला, आणि तो बापामागून लेकाकडे चालावयाचा. ह्याच व्यवस्थेत तृतीयपंथीयांनाही जागा होती. अमक्या मुलखातील घरांमधून त्यांनी ठराविक पैसा वा धान्य घ्यावे, असे त्यांचे हक मराठी सरकारने लेखी मान्य केलेले होते; काहींकडे इनाम जमिनीही होत्या. लॉरेन्स प्रेस्टन ह्या संशोधकाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुंबई सरकारच्या दप्तरांतून हा सगळा व्यवहार उजेडात आणला आहे.

ह्यातील खरी नवलाची बाब पैशाची नव्हे, वारशाची आहे. सुताराचे वतन रक्ताने चालते. ज्यांना पोर होणार नाही आणि ज्यांनी घरदार सोडलेले आहे, त्यांचे वतन चालावे कसे? ते गुरूमागून चेल्याकडे चालले. आणि सरकारने हा क्रम मान्य केला. मठाधिपतीमागून शिष्य गादीवर बसतो, तसा हा प्रकार म्हणता येईल. रक्ताचे नाते नसलेल्या, दोघांनी पत्करलेल्या नात्याला राजसत्तेने वारसा म्हणून मानावे, ही गोष्ट मला तरी त्या सनदांतील सर्वांत मोठी वाटते. पुढे आपण येऊ तेव्हा ही बाब पुन्हा लागणार आहे.

मराठेशाहीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, हेही सांगून टाकतो. हा हक म्हणजे कुणब्याच्या घरावरील आणखी एक पट्टीच होती. ती देण्यास कोणी कुरकुर केली तर दारात वस्त्र फेडण्याची धमकी दिली जाई, आणि घरातील बायामाणसे भिऊन पैसा टाकीत. ज्याला हक म्हणतो तो असा वसूल होत असेल, तर देणाऱ्याच्या मनात आदराबरोबर धास्तीही राहणार. ती धास्ती आजही गेलेली नाही. परंतु ज्याच्या हातात सनद आहे तो मनुष्य समाजाच्या हिशेबात धरलेला आहे, एवढे खरे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला; वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने व धर्मादाय ह्यांचे रक्षण होईल असे वचन त्यात होते. त्या वचनावर विसंबून जे जे आपापले कागद घेऊन कलेक्टरांच्या कचेरीत गेले, त्यांत तृतीयपंथीही होते. त्यांचे मागणे साधे होते: लोक हक देईनासे झाले आहेत, पूर्वीच्या सरकारप्रमाणे ह्या सरकारनेही तो देववावा. कचेरीत मोठाच पेच उत्पन्न झाला. कागद खरे होते, त्यांवरचे शिक्के खरे होते. आणि समोर उभी असलेली माणसे पाहून साहेबाला शिसारी येत होती. पुष्कळ वर्षे ह्या टेबलावरून त्या टेबलावर कागद फिरले. शेवटी सरकारने ठरविले की, भीक मागण्याच्या हकाला कायद्याचे पाठबळ द्यावयाचे नाही.

राहिल्या इनाम जमिनी. त्यांचा निकाल १८५२ च्या अकराव्या कायद्याने लागला. हा तोच कायदा, ज्याखाली इनाम कमिशनने दख्खनभर इनामदारांचे कागद तपासले आणि घराघरांत हाहाकार उडविला. ब्राह्मण व मराठा इनामदारांच्या गाऱ्हाण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टातील एका नियमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जे इनाम चालू ठेवल्याने देशाच्या कायद्याचा किंवा सार्वजनिक सभ्यतेच्या नियमांचा भंग होईल, ते पुढे चालवू नये, अशा आशयाचा तो नियम. त्याखाली तृतीयपंथीयांच्या जमिनींना पुढचा वारस राहिला नाही. हयात आहे तो उपभोग घेईल, त्याच्यामागे जमीन सरकारात जमा. चेला वारस नाही, हे असे एका ओळीत ठरले. त्या सनदा खोट्या आहेत असे कोणी म्हटले नव्हते, हे विशेष.

मुंबई सरकारने हक काढून घेतला; उत्तरेत त्याच्याही पुढे मजल गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याविषयी आपण ऐकले असेल. पारधी, भामटे, कैकाडी ह्यांच्या संदर्भात त्याचे नाव महाराष्ट्रात अद्याप घेतले जाते. त्या कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांविषयी होता, हे मात्र थोड्यांना माहीत असते. त्याचा अंमल प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब एवढ्यांत होता. त्याने नोंदवही ठेवावयास लावली. मुले पळविण्याचा, त्यांना खच्ची करण्याचा किंवा दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाखालील गुन्ह्याचा ज्यांच्यावर वहीम असेल त्यांची नावे, पत्ते व मालमत्ता तीत लिहावयाची. गुन्हा शाबीत व्हावयास नको, वहीम पुरे. नाव एकदा वहीत चढले की त्या माणसाने रस्त्यावर स्त्रीच्या वेषात वा दागिन्यांत दिसू नये, नाचू नये, वाद्य वाजवू नये. दिसल्यास पोलिसाने वॉरंटावाचून पकडावे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा घरात ठेवला तरीही तीच शिक्षा. शिवाय त्याला कोणाचे पालक होता येईना, बक्षीसपत्र करता येईना, मृत्युपत्र करता येईना, दत्तक घेता येईना. श्रोतेहो, ह्या मनायांची यादी पुन्हा मनात आणून पाहा. वेषाची मनाई सर्वांच्या डोळ्यांत भरते. परंतु पालक नाही, दत्तक नाही, मृत्युपत्र नाही, ह्याचा अर्थ चेला करता येऊ नये आणि गुरूचे चेल्याला मिळू नये. हा पंथ आपोआप नामशेष व्हावा, अशी अधिकाऱ्यांची इच्छा होती आणि त्यांनी ती लपविलीही नव्हती.

ह्याच दशकांत आपल्या पुण्या-मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या रंगभूमीवर भाऊराव कोल्हटकर शालू नेसून उभे राहत होते आणि प्रतिष्ठित घराणी तिकिटे काढून त्यांना पाहावयास जात होती. नट व तृतीयपंथी ह्यांची तुलना करणे योग्य नाही, हे मी जाणतो. नाटक संपले की नट घरी जातो. तरीही पुरुषाने नेसलेले लुगडे एकाच देशात, एकाच राजवटीत एका ठिकाणी टाळ्या मिळवीत होते आणि दुसऱ्या ठिकाणी तुरुंगात नेत होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

१९११ साली गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने झाला, तेव्हा हा दुसरा भाग गळला. ब्रिटिशांनी टाकलेली ही वस्तू थोड्याच वर्षांत निजाम सरकारने उचलली. आणि येथे आपल्या चांदा जिल्ह्याची नदी मध्ये येते. बल्लारशा सोडल्यावर गाडी वर्धा नदीच्या पुलावरून जाते आणि पलीकडे माणिकगड, विरूर ही स्टेशने लागतात. हा राजुरा तालुका. आज तो चंद्रपूर जिल्ह्यात आहे. परंतु १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता, आणि चांद्याला जोडला गेला तो १९५९ साली. संस्थानात १३२९ फसलीत, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, तृतीयपंथीयांविषयीचा कायदा झाला. शब्द जवळजवळ १८७१ चेच: तीच नोंदवही, तोच वहीम, स्त्रीवेषाबद्दल तीच दोन वर्षांची कैद. ही वही हैदराबाद शहरात व सरकार ठरवील त्या इतर ठिकाणी ठेवावयाची होती. म्हणजे वरोऱ्याच्या बाजूला लुगडे नेसून फिरणाऱ्याने नदी ओलांडली, तर तेच लुगडे गुन्हा होण्यास सरकारच्या एका हुकमाचाच अवकाश होता.

संस्थान गेले, निजाम गेला, संविधान आले. कायदा मात्र तेलंगणाच्या भागात पुस्तकात तसाच राहिला. तो घटनाबाह्य म्हणून तेलंगणा उच्च न्यायालयाने रद्द केला तो जुलै २०२३ मध्ये. जुनी पाने कशी चिकटून राहतात ह्याचा आणखी एक दाखला सीमेवर मिळतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला आपल्या कोल्हापूर-सांगलीकडचे लोक किती जातात! देवीला वाहिलेले, लुगडे नेसून डोक्यावर जग घेणारे जोगते ह्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या सौंदत्तीला लागू असलेल्या कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात २०११ साली एक नवे कलम घातले गेले, आणि त्यात मुले पळविण्याचा वहीम असलेल्या तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. एकशेचाळीस वर्षांनंतर तीच वही! काही वर्षांनी त्यातील तृतीयपंथीयांचा उल्लेख काढावा लागला, ही गोष्ट निराळी.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या साठ वर्षांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. २००९ साली मतदारयादीत 'इतर' असे लिहिण्याची सोय झाली. २०११ च्या जनगणनेत ह्या रकान्यात देशभर ४,८७,८०३ माणसे व महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे मोजली गेली. लपून राहिलेली अर्थातच ह्यात नाहीत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री ह्यांनी राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला. ह्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ह्यांनीही आपले म्हणणे मांडले होते. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने सांगावे, राज्याने ते मानावे, आणि शिक्षणात व नोकरीत ह्या वर्गास मागासवर्गाप्रमाणे आरक्षण द्यावे, असे न्यायालयाने म्हटले. २०१८ च्या सप्टेंबरात ३७७ व्या कलमाचा डंखही गेला. आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याने जिल्हादंडाधिकाऱ्याकडून ओळखीचा दाखला मिळण्याची व्यवस्था केली. पूर्वी सनद होती, मग नोंदवही आली, आता दाखला आला.

ह्या दाखल्याच्या मागे असलेल्या तत्त्वाने काय घडू शकते, ते दोन निवडणुकांवरून दिसते. आपला चांदा आणि जबलपूरकडचा कटनी हे दोन्ही मुलूख एके काळी एकाच मध्यप्रांतात होते. त्या कटनीने १९९९-२००० च्या निवडणुकीत कमला जान ह्यांना महापौर केले. पद स्त्रियांसाठी राखीव होते. कमला जान ह्या कायद्याने पुरुष आहेत असे ठरवून न्यायालयाने निवड रद्द केली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. लोकांनी निवडून दिले, कागदाने खाली ओढले. पुढे २०२० च्या अखेरीस जळगाव जिल्ह्यातील भादली गावी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत स्त्रियांच्या राखीव जागेवर अंजली ह्यांनी अर्ज भरला; तृतीयपंथी म्हणून तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. न्या. रवींद्र घुगे ह्यांनी २ जानेवारी २०२१ रोजी, स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क नव्या कायद्यानेच दिला आहे, असे म्हणून अर्ज मान्य करावयास लावला. मात्र पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून वावरता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. त्या महिन्यातच अंजली निवडून आल्या. पुढच्या वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या अर्जातही तृतीयपंथीयांसाठी रकाना ठेवावयास सांगितले. ज्या वर्गाची नावे उत्तरेत पोलिसांच्या वहीत वहिमाखाली चढत असत, त्याच वर्गातील उमेदवार आता पोलिसाच्या गणवेषासाठी अर्ज करू लागले.

असे असूनही २०१९ चा कायदा वाचताना मी दोन ठिकाणी थबकलो. त्याने तृतीयपंथी व्यक्तीवर अत्याचार करणाऱ्यास, शारीरिक व लैंगिक अत्याचार धरून, शिक्षा सांगितली ती सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवर तसाच अत्याचार झाला तर दंडसंहिता किती कठोर होते, हे आपण जाणता. आणि दोन वर्षे हा आकडा आपण आधी ऐकलेला आहे: १८७१ मध्ये लुगडे नेसून रस्त्यावर येण्याची तीच कमाल शिक्षा होती. तेव्हा तृतीयपंथीयाच्या वस्त्राला जी किंमत लावली, तीच आता त्याच्या देहाला लावली गेली.

दुसरी जागा कुटुंबाच्या व्याख्येची. रक्ताने, विवाहाने वा कायदेशीर दत्तकाने जोडलेली माणसे म्हणजे कुटुंब, असे त्या कायद्याने लिहिले. ज्यांना जन्मदात्या घराने हाकलले त्यांच्यासाठी केलेल्या कायद्यात घर म्हणून पुन्हा तेच घर आले. ते सांभाळू शकत नसेल तर पुनर्वसन केंद्र. वयाच्या बाराव्या-चौदाव्या वर्षी बाहेर पडलेल्या पोराला ज्या गुरूने भाकर दिली, दुखण्यात उशाशी बसून काढले, त्या गुरूचे नाव ह्या व्याख्येत कोठेच बसत नाही. गुरूंच्या घरांत जुलूम नसतो असे नव्हे. चेल्यांची मिळकत लुबाडणारे गुरू आहेत. पण सासवांचा जुलूम असतो म्हणून आपण लग्नाचे नाते रद्द केलेले नाही.

न्यायालयांपुढे हा प्रश्न आलेला आहे. मध्यप्रदेश उच्च न्यायालयाच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका निवाड्यात, मिळकत गुरू-चेल्यांच्या बाहेर जाऊ नये ही पंथाची रूढी ग्राह्य धरली गेली. २०१६ साली हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने मृत चेल्याच्या मिळकतीवर गुरूचा वारसा मान्य केला. पण ह्या गोष्टी त्या त्या खटल्यापुरत्या. ज्याला वकील परवडला त्याच्यापुरत्या. एरवी भाड्याच्या खोलीत राहणारी म्हातारी गुरू वारली, तिच्या बँकेच्या पुस्तकात चार पैसे निघाले, तर तीस वर्षे न भेटलेला भाऊ वारस म्हणून उभा राहतो आणि मयताला खांदा देणारा चेला दाराशी उभा असतो.

भादलीच्या त्या खटल्यात अर्जदाराचे पूर्ण नाव काय लिहिले आहे, ते सांगावयाचे राहिले. आपल्या मराठी नावांत मधली जागा बापाची वा नवऱ्याची. उच्च न्यायालयाच्या कागदावर ते नाव असे आहे: अंजली गुरू संजना जान.